ओळखलं ना

साहेबांनी तक्रार मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मीटिंगमधले सगळे हसले आणि मीही हसले. तक्रार एका वकिलाची होती. त्याचे वडील वृद्धाश्रमात असतात. तिथल्या सिस्टर रोज आमच्या अॅपमध्ये प्रत्येक म्हाताऱ्या माणसाबद्दल चार ओळी लिहितात, त्या आमच्या डेटाबेसमध्ये साठतात आणि तिथून घरच्यांच्या फोनवर जातात. वकिलाला आलेली शेवटची ओळ होती, 'रक्तदाबाची गोळी घेतली ना'. त्यावर त्याने कळवलं होतं, 'हे मला काय विचारता? गोळी घेतली की नाही हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?' साहेबांना आम्ही मागे 'व्हिजन' म्हणतो, कारण तो शब्द आल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. ते म्हणाले, "सिस्टर लोकांना प्रोफेशनल भाषेचं व्हिजनच नाहीये. एक ट्रेनिंग ठेवू या. ना, हो, बरं का, असलं सगळं बंद." टेबलाच्या टोकाला बसलेला होऊन-जाईल म्हणाला, "ट्रेनिंग कशाला, सर? सेव्ह होण्याआधी शेवटचा 'ना' काढून टाकणारी एक ओळ लिहितो. दुपारपर्यंत होऊन जाईल." त्याचं हे नाव मीच ठेवलंय आणि त्याला ते कौतुक वाटतं, यावरून काय ते समजा. त्या खोलीतल्या एकालाही स्वतःच्या भाषेत धड रजेचा अर्ज लिहिता येत नाही आणि ते सिस्टरांना भाषा शिकवायला निघाले होते. मी म्हणाले, "आधी मी बघते," आणि माझ्या जागेवर आले.

जागेवर येऊन बसल्यावरही ते हसू तोंडात कडवट राहिलं होतं. कारण तसलाच एक 'ना' सकाळपासून माझ्या फोनमध्ये होता. माझी आई त्याच आश्रमात आहे. कंपनीला हे ठाऊक नाही, कारण कंपनीला काही ठाऊक असावं अशी तिची लायकी नाही. सकाळी बसमध्ये उभ्या उभ्या मी वाचलं होतं: 'सप्रेम नमस्कार. आज आई बऱ्या आहेत. तुमचा फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला, आणि मग बाजूला ठेवला. ओळखलं ना'. वाचून मी नेहमीसारखं नाक मुरडलं होतं. सप्रेम नमस्कार काय, जणू लग्नाचं निमंत्रण लिहितेय. आणि तो शेवटचा लाडिक 'ना'! पूर्णविरामसुद्धा नाही. माझी ना ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या गालाला हात लावल्यासारखी 'ओळखलं ना' म्हणते. पण नाक मुरडून झाल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली होती, आणि फोन पर्समध्ये टाकताना मला बरं वाटलं होतं. हे मी कुणाजवळ कबूल केलं नसतं. आई मला फोटोत ओळखते आहे म्हणजे अजून आहे. अजून आहे म्हणजे घाई नाही. या रविवारी नाही तर पुढच्या. असे किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत आणि मोजणारही नाही. माझ्याकडे रोजच्या ओळी होत्या आणि त्या ओळींत आई मला ओळखत होती.

ओळखत होती म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे. शाबूत होती तेव्हा तरी कुठे ओळखत होती? आई प्रूफरीडर होती. छापखान्यातून ओली प्रुफं घरी यायची, जेवायचं टेबल त्यांनी भरून जायचं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. शाईचा वास वरणालाही यायचा. तिच्या हातात लाल पेन्सिल असायची आणि तोंडात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर नावाच्या प्राण्याबद्दलचा राग. "डोळे घरी ठेवून कामावर येतात," ती म्हणायची. लेखकांबद्दल तर बोलायलाच नको. मोठमोठ्या लोकांची पुस्तकं तिच्या हातून गेली होती. त्यातलं एकाचंही लेखन तिला आवडलं नाही, कारण त्यांना ऱ्हस्वदीर्घ येत नव्हतं. मी हॉस्टेलमधून तिला पत्रं लिहायची, एकटं वाटतं, जेवण जात नाही, असली. ती उत्तरासोबत माझंच पत्र परत पाठवायची, लाल खुणा करून. 'एकटं वाटतं' वरचा अनुस्वार मी विसरले होते, तो तिने दिला होता. एकटं का वाटतं हे विचारलं नव्हतं. पुढे माझ्या घटस्फोटाचा अर्ज वकिलाने तयार केला तेव्हा तो मी तिला वाचायला दिला. तिने दोन वेलांट्या सुधारल्या, एक स्वल्पविराम काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "आता ठीक आहे," म्हणाली. मी खूप दिवस त्या वाक्यात काहीतरी शोधत होते. नव्हतं त्यात काही. अर्ज ठीक होता, एवढंच. लोकांना आयांकडून खीर वगैरे मिळते, मला शुद्धलेखन मिळालं. आणि ती तुच्छतेने बघायची नजर, तीही मिळाली, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात तीच जास्त उपयोगी पडली.

मी डेटाबेस उघडला आणि ज्या नोंदी 'ना' वर संपतात त्या सगळ्या समोर घेतल्या. स्क्रीन भरून 'ना' आले. जेवल्या ना. झोप लागली ना. ताप उतरला ना. रडल्या ना. आजोबा कोणाशी बोलले ना. मला आधी वाटलं, ही बाईच लाघवी आहे. पण नोंदी एकट्या तिच्या नव्हत्या, वेगवेगळ्या सिस्टरांच्या होत्या, आणि एका आश्रमातल्या सगळ्याच्या सगळ्या बायका एकदम लाघवी होतील यावर माझा विश्वास नाही. मग मी 'ना'ची अट काढून बाकीच्याही नोंदी पाहिल्या, तर एक 'औषध दिलं नाह' वर संपत होती. 'नाह' असा कुणी लाड करत नाही. तिच्या खालची 'उठून बसल्या न' वर संपत होती. मी खुर्चीत मागे टेकले. पंख्याचा वारा मानेवर येत होता आणि तेवढीच मान गार पडत होती. 'ना' नव्हताच तो. 'नाही' होता, 'नाहीत' होता, आणि त्याच्या पुढची अक्षरं कुठेतरी गळून पडली होती. आपली भाषा सगळं सांगून झाल्यावर शेवटी नाही म्हणते. गोळी, घेतली, इथपर्यंत माणूस खुशीत ऐकत येतो आणि शेवटच्या पायरीवर 'नाही' उभा असतो. तो शेवटचा शब्द कापला की जगातली सगळी दुःखं आनंदाच्या बातम्या होतात.

हे का झालं ते समजायला मला फार वेळ लागला नाही. मध्यंतरी याच नोंदी प्रश्नचिन्हं होऊन येत होत्या. सिस्टर चार ओळी लिहायची आणि घरच्यांना नुसती प्रश्नचिन्हांची रांग मिळायची, कारण डेटाबेसच्या त्या कॉलमला आपली लिपीच माहीत नव्हती. ज्याला जे अक्षर कळत नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि एकदा ठेवलं की मूळ अक्षर गेलं ते गेलं. दुसरा एक रोग असतो, त्यात अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, टोप्या घातलेले परदेशी स्वर, चिन्हं, काय वाटेल ते. अडाणी लोक तो कचरा बघून घाबरतात. मला तो आवडतो. कचऱ्याखाली मजकूर जसाच्या तसा शाबूत असतो, फक्त चुकीच्या वाचनाने वाचलेला असतो. वाचन बदललं की अख्खं वाक्य हसत बाहेर येतं. प्रश्नचिन्हांचं ते काम होऊन-जाईलकडे दिलं होतं. त्याने कॉलमची लिपी बदलली, टाळ्या घेतल्या, व्हिजनने केक आणला. कॉलमची जागा मात्र त्याने तशीच ठेवली. ती कुणीतरी इंग्रजीच्या हिशोबाने ठरवलेली. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी आणखी तीन मागतात. चार-पाच छोटी वाक्यं झाली की घरं भरली. पुढचं सगळं दाराबाहेर.

मी त्याच्या टेबलाशी गेले. त्याची 'ना' काढायची ओळ लिहून झाली होती आणि तो तिच्याकडे कौतुकाने बघत बसला होता.

"चालवलीस का?" मी विचारलं.

"चालवतोच आहे. जुन्या नोंदींमधलेपण काढतो, एकदम क्लीन."

"हात लावू नकोस. तो 'ना' म्हणजे 'नाही' आहे. मजकूर कापला जातोय."

"कापला गेला असता तर एरर आला असता ना," तो म्हणाला, आणि त्याचा तो 'ना' मला कानाखाली वाजल्यासारखा लागला.

"का नाही आला?"

"तेव्हा खूप एरर यायचे. मजकूर मोठा आहे, मजकूर मोठा आहे, सारखं. सिस्टर लोकांचं सेव्हच होईना. मग सर म्हणाले, आधी चालू तर कर. म्हणून मी ते एरर बंद केले." तो पुढे म्हणाला, "तेव्हापासून एकही तक्रार नाही. हीच पहिली."

मी त्याला समजावून सांगितलं नाही. काहींना समजावणं म्हणजे स्वतःचा अपमान असतो. एवढंच म्हणाले, की एक म्हातारा रक्तदाबाची गोळी थुंकतोय, सिस्टर ते रोज लिहितेय आणि त्याच्या मुलापर्यंत रोज 'घेतली ना' एवढंच पोचतंय. होऊन-जाईलचा चेहरा पडला. तेवढं मात्र त्याला कळलं. "जुन्या नोंदींचं काय?" तो म्हणाला. "त्या परत आणता येतील? काहीतरी करून होऊन..." आणि त्याने ते वाक्य अर्धंच सोडलं. परत येणार नव्हत्या. जे कधी आत गेलंच नाही ते बाहेर कुठून काढणार? प्रश्नचिन्हांना निदान लाज होती, इथे काहीतरी होतं आणि ते गेलं, एवढं तरी ती सांगायची. हे वाक्य कापलेलं आणि वर नीटनेटकं. मी कॉलमची जागा वाढवली, बंद केलेले एरर चालू केले, आश्रमाच्या मॅनेजरला फोन करून गोळ्यांचं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "पण आम्हाला तर स्क्रीनवर बरोबर दिसत होतं, मॅडम." दिसणारच. मलाही दिसत होतं.

मग मी आईच्या नोंदी काढल्या. एक हिशोब अजून शिल्लक होता. ज्या नोंदीने जागा काठोकाठ भरलेली आहे ती संशयित, जी तोकडी आहे ती विश्वासाची. आईची एकही नोंद तोकडी नव्हती. त्या बाईने प्रत्येक वेळी 'सप्रेम नमस्कार' म्हटलं होतं, प्रत्येक वेळी आई बऱ्या आहेत म्हटलं होतं, आणि त्या सौजन्यात जागा संपली होती. माझ्यापुढे सगळी वाक्यं अशीच उभी होती. 'तुमची आठवण काढली'. 'तुमचं नाव घेतलं'. 'मुलगी कुठे आहे असं विचारलं'. 'फोटो ओळखला'. प्रत्येकाच्या पुढे एक जागा होती, तिच्यात 'नाही' बसतही होता आणि बसत नव्हताही. इतके महिने मी यांच्यावर जगले होते. दुसऱ्या कुणी असल्या ओळींवर विश्वास ठेवला असता तर मी त्याला सरळ मूर्ख म्हटलं असतं. अक्षरांत काय दडलेलं असतं ते शोधायचा मी पगार घेते आणि रोज सकाळी बसमध्ये उभी राहून कापलेलं वाक्य चघळत होते, कारण ते गोड लागत होतं. साधा पूर्णविराम नव्हता शेवटी. आईने तेवढ्यावरून पकडलं असतं. मला स्वतःची किळस आली. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. होऊन-जाईल त्या रागाला पुरला नसता.

सिस्टरला फोन करून विचारता आलं असतं. पण ती गोड बोलली असती. ज्यांना सप्रेम नमस्कार म्हणायची सवय असते ते तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी साहेबांना अर्धी रजा सांगितली. "एवढं मोठं फिक्स केलंस, जा जा," ते म्हणाले. "उद्या टीमला याच्यावर एक प्रेझेंटेशन दे." भर दुपारची बस रिकामी होती आणि उन्हाने सीट तापली होती. मी तिच्यावर बसले आणि आईला भेटल्यावर काय बोलायचं ते जुळवत राहिले. जुळवलेलं प्रत्येक वाक्य तिच्या लाल पेन्सिलीखाली जात होतं. 'कशी आहेस' हे पोकळ. 'मी आले' हे दिसतंय. 'मला ओळखलंस का' हे ज्याला विचारायचं असतं त्या माणसाने निदान यायचं असतं.

आश्रमाच्या जिन्यात फिनेलचा वास होता. आईच्या नोंदी लिहिणारी सिस्टर समोरूनच आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. वाटली होती त्याहून वयाने लहान आणि दमलेली. तिने मला फोटोवरून ओळखलं. "आलात ना, ताई!" ती म्हणाली. "बरं झालं आलात ना." मी पायरीवर थांबले. म्हणजे ही बाई खरोखरच ना म्हणते. म्हणजे एखादा तरी 'ना' खरा असू शकतो. सकाळचाही. मला एवढंच विचारायचं होतं, की आज सकाळी तुम्ही काय लिहिलं होतं, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी विचारलं नाही. त्या एका 'ना'ला धरून मी उरलेला जिना चढले.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस कापले होते. कुणी, कधी, मला कळवलं असेलही, त्यातलं किती पोचलं कोण जाणे. मांडीवर हात होते आणि उजव्या हाताची तीन बोटं तशीच जुळलेली, मध्ये पेन्सिल असल्यासारखी. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी हसले आणि ती हसली नाही, पण ती कधीच हसत नसे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना. "आई," मी म्हणाले. तिने मान किंचित हलवली, जशी कुणी आपल्या खोलीत उगाच आलं तर हलवतो. मग मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी फोन काढला, सकाळची नोंद उघडली, अक्षरं मोठी केली आणि तिच्यासमोर धरली. का, ते मला सांगता येणार नाही. तिच्यापुढे मजकूर धरण्याखेरीज आमच्यात दुसरी रीतच नव्हती.

तिने चष्मा नाकावर वर सरकवला आणि फोन हातात घेतला. ओठ हलू लागले. ती वाचत होती, एकेक अक्षर, मागे जाऊन पुन्हा, जशी आयुष्यभर वाचायची. चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं काहीतरी आलं. भुवई चढली, नाकपुडी आत गेली. ती तुच्छता होती, अस्सल, आणि मी इतकी आसुसून तिच्याकडे बघत होते की मला माझीच लाज वाटली.

"कोणी जुळवलंय हे?" आई म्हणाली.

"का?"

"इथे अक्षरं पडलीत." तिने नखाने 'ना'च्या पुढच्या कोऱ्या जागेवर टोचलं. "'नाही' हवंय. 'ओळखलं नाही'. पूर्णविरामही खाल्लाय. डोळे घरी ठेवून कामावर येतात."

"'ओळखलं ना' असंही असू शकतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला. "म्हणजे ओळखलं, असं."

"छे." तिने माझ्याकडे पाहिलं, अडाण्याकडे पाहावं तसं. "आधीचं वाक्य वाचा ना, बाई. 'बराच वेळ पाहिला, आणि मग बाजूला ठेवला'. ओळखलं असतं तर बाजूला कशाला ठेवला असता? एवढा संदर्भ तरी बघायचा."

वाचा. बाई. ती मला अहो-जाहो करत होती. मी तिच्या खुर्चीच्या दांड्याला धरून खाली बसले, फरशी गार होती. तिने फोन माझ्यापुढे धरला होता आणि मी तो घेत नव्हते, तेव्हा तिने तो माझ्या हातात ठेवला आणि वर माझी बोटं मिटली, ओलं प्रूफ पुसलं जाऊ नये म्हणून मिटायची तशी. तिचा हात कोरडा आणि ऊबदार होता. मला रडू आलं. तिने त्याची दखल घेतली नाही. "मोठी चूक आहे," ती म्हणाली, जरा नरमाईने, "पण एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. तुम्ही छापखान्यातल्या ना? दुरुस्त करून आणा. मी पुन्हा बघते."

"आणते," मी म्हणाले.

"कधी?"

हे तिने मला हॉस्टेलमध्ये असताना विचारलं नव्हतं, नंतरही कधी विचारलं नव्हतं. कधी येशील. मी नाक पुसलं. "उद्या," मी म्हणाले.

"उद्या म्हणजे उद्या हं," आई म्हणाली आणि खिडकीकडे वळली. "तुमचं उद्या मला चांगलं माहीत आहे."